एका वस्तीसाठी अंगणवाडी, दवाखाना, शाळा आणि संस्था यांचं काम जुळवायचं कसं?

पांगारा (धागाकर्ता)

साधारण ८०० घरांची शहरी वस्ती डोळ्यांसमोर ठेवून हा धागा काढत आहे. चार हजारांच्या आसपास लोकसंख्या, सहा वर्षांखालची चारेकशे मुलं. अशा वस्तीत मुलांसाठी राबणारे हात कमी नसतात. पाच-सहा अंगणवाड्या, दोन-तीन आशा (घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या), एक एएनएम (दवाखान्याची परिचारिका), महापालिकेची एखाद-दुसरी शाळा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (आरबीएसके) फिरतं पथक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बचत गट, महिला आरोग्य समित्या, शिवाय दोन-तीन स्वयंसेवी संस्था. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या तीन आरोग्य खात्यामार्फत द्यायच्या असतात. तेव्हा एकत्र काम करा हे कुणाला नव्याने सांगायची गरज नाही.

तरी मुलं सुटतात, आणि बहुतेक वेळा एका खात्याकडून दुसऱ्याकडे जातानाच सुटतात. अंगणवाडी सेविका, म्हणजे ताई, मुलाचा दंडघेर (दंडाचा घेर) मोजतात, आईला दवाखान्यात जायला सांगतात. आई गेली का, गेली तर तिथे काय झालं, हे ताईंपर्यंत परत येत नाही. पथक शाळेत येऊन मुलाच्या कानाची तक्रार लिहून जातं. त्याला पुढे घेऊन कोण जाणार, हे त्या कागदावर नसतं.

माझं मत असं की समन्वय समिती, संयुक्त शिबिर, बॅनर हे सगळं नंतर. आधी दोन गोष्टी हव्यात. सगळ्या यंत्रणांना मान्य असलेली एक नावयादी, आणि पाठवलेल्या प्रत्येक मुलामागे परत येणारी चिठ्ठी. या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात कशा उभ्या करायच्या, कुठे अडतं, यावर जाणकारांनी तपशिलात लिहावं.

काटेसावर

यादीच्याही आधी नकाशा. अंगणवाडीचं सर्वेक्षण क्षेत्र, आशाचं क्षेत्र, निवडणुकीचा प्रभाग, शाळेचा परिसर आणि पोलीस ठाण्याची हद्द या पाचही रेषा वेगवेगळ्या असतात. अंगणवाडीचा निकष ४०० ते ८०० लोकसंख्येला एक असा, तर शहरी आशाकडे २०० ते ५०० घरं. म्हणजे एका आशाच्या हद्दीत दोन-अडीच अंगणवाड्या येतात आणि त्यातली एक हमखास दुसऱ्या आशाच्या हद्दीत अर्धी शिरलेली असते.

मोठा ड्रॉइंग शीट घ्यायचा. आधी गल्ल्या, सार्वजनिक नळ, शौचालय, विजेची डीपी, देऊळ, मशीद, बुद्धविहार, किराणा दुकान अशा खुणा काढायच्या, कारण वस्तीत पत्ता त्यानेच सांगतात. मग प्रत्येक सेविकेने एका रंगाने आणि प्रत्येक आशाने दुसऱ्या रंगाने आपली हद्द रंगवायची. दोन तास पुरतात. या कामाला साहेब लोक नकोत. ते असले की सेविका हद्द जशी कागदावर आहे तशी काढतात, प्रत्यक्षात जाते तशी काढत नाहीत.

रंगवून झालं की मध्ये मध्ये कोरे पट्टे दिसतात. नाल्याकाठच्या नव्या झोपड्या, बांधकाम साइटवरच्या पत्र्याच्या खोल्या, दुकानांच्या वरचे भाडेकरू, पुलाखालची कुटुंबं. हे कोरे पट्टे त्याच दिवशी, त्याच कागदावर, कुणाच्या तरी नावावर टाकायचे. ‘नंतर ठरवू’ म्हटलं की ते कोरेच राहतात. ज्या गल्लीवर दोन रंग पडले आहेत तिथे मूल दोन्ही याद्यांत असतं किंवा एकाही यादीत नसतं, तेव्हा तिथलाही निकाल लगेच लावायचा.

चाफा

अंगणवाडी पर्यवेक्षणाच्या बाजूने लिहिते. पांगारा, तुमचा मुद्दा मान्य, पण ‘एक नावयादी’ म्हणजे आणखी एक रजिस्टर असेल तर ते महिन्याभरात बंद पडेल. सेविकेकडे कुटुंब सर्वेक्षण, वजन-उंची, आहार वाटप, गृहभेटी, लसीकरण यांच्या नोंदी आणि वर पोषण ट्रॅकरचं ॲप आहे. त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामं पडतात ती वेगळीच. प्रत्येक संस्था आपला फॉर्म घेऊन येते आणि तीच माहिती पुन्हा विचारते.

म्हणून नवी यादी बनवू नका. सेविकेच्या कुटुंब सर्वेक्षणातला घर क्रमांक हाच सगळ्यांनी वापरायचा. आशाने आपल्या वहीत त्या क्रमांकाची फक्त एक उभी ओळ वाढवायची, संस्थेने आपल्या एक्सेलमध्ये तोच क्रमांक घ्यायचा, आणि माता व बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात तो पेनाने लिहायचा: अंगणवाडी क्रमांक, मग घर क्रमांक. कार्ड आईबरोबर दवाखान्यात जातं, एनआरसीत (पोषण पुनर्वसन केंद्रात) जातं, शाळेतही जातं. नावांचा घोळही त्यामुळे मिटतो. एकाच गल्लीत तीन ‘आर्यन’ असतात, घरात एक नाव आणि जन्मदाखल्यावर दुसरं असतं.

महिन्यातून एकदा सेविका आणि आशा यांनी शेजारी बसून दोन्ही वह्या ताडून पाहायच्या. चाळीस मिनिटांचं काम आहे. यात नेहमी सुटणारे गट सांगते.

पहिलं बाळंतपण माहेरी. बाई गरोदरपणी सासरच्या अंगणवाडीत नोंदलेली, बाळंतपण माहेरी, आणि सव्वा-दीड महिना किंवा तीन महिन्यांनी परत. नवजात बाळाच्या आशाच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. या सहाही भेटी माहेरच्या आशाने करायच्या, पण तिला बाळाची खबर कुणी दिली तर. सातव्या महिन्यात बाई निघतानाच माहेरच्या गावाचं, आशाचं नाव विचारून सासरच्या आशाने एक फोन करावा, बास. आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणजे माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. २१ दिवसांच्या आत विनाशुल्क. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. हे माहीत नसल्याने लोक बारशापर्यंत थांबतात आणि दाखला न घेताच परत येतात.

खाजगी नर्सरीतली मुलं. तीन ते सहा वयाची ही मुलं अंगणवाडीत बसत नाहीत, म्हणून वजनाच्या दिवशी नसतात. आरबीएसकेचं पथक अंगणवाड्या आणि सरकारी, अनुदानित शाळा तपासतं, त्यामुळे तिथेही ती नसतात. घर गरीब, फी भरून घराची ओढाताण, आणि मूल कुठल्याच तपासणीत नाही, अशी अवस्था होते. या मुलांना वजनाला दुपारी दोननंतर बोलवायचं.

तराजू

आरोग्याच्या बाजूने. यादीतलं नाव ज्या आकड्यावर पुढे पाठवलं जातं तो आकडाच चुकीचा असेल तर दवाखाना परत पाठवतो, आणि आईचा दोघांवरचाही विश्वास जातो. पुढच्या वेळी ती येत नाही. त्यामुळे मोजमापावर थोडं सविस्तर लिहितो.

दंडघेर ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा घ्यायचा. डावा हात, कोपरात काटकोनात दुमडून खांद्याच्या हाडाचं टोक ते कोपराचं टोक यांचा मध्य काढायचा, तिथे पेनाने खूण करायची, मग हात सरळ सोडून पट्टी लावायची. पट्टी त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषित (सॅम), ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम (मॅम). सर्वाधिक चूक होते ती मध्य न काढता अंदाजाने काखेजवळ पट्टी लावण्यात. तिथे घेर जास्त भरतो आणि सॅमचं मूल मॅममध्ये जातं.

उंचीत दुसरी चूक. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, त्यावरच्याची उंची उभं करून. दीड वर्षाचं मूल रडतं म्हणून उभं करून मोजलं तर त्यात ०.७ सेंमी मिळवायचे. मोठं मूल झोपवून मोजलं तर ०.७ वजा करायचे. वजन-उंचीच्या तक्त्यात सीमेवरचं मूल एवढ्याने इकडचं तिकडे होतं.

वजन करताना सॉल्टर काट्याला झोळी अडकवून मगच काटा शून्यावर आणायचा. थंडीत स्वेटर, कानटोपी, कमरेचा करदोटा, पायातले वाळे हे सगळं निघतं असं नाही. करदोटा आई काढू देत नाही आणि त्याचा आग्रहही धरू नये, पण स्वेटर काढायलाच हवा. महिन्यातून एकदा बचत गटाच्या किराणा दुकानातलं शिक्का असलेलं पाच किलोचं वजन आणून काटा तपासावा. शंभर ग्रॅमपेक्षा फरक असेल तर तो काटा बाजूला ठेवून शेजारच्या अंगणवाडीचा आणायचा.

आणि दोन्ही पायांना सूज. अंगठ्याने पाऊल तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का ते पाहायचं. दोन्ही पायांवर राहिला तर दंडघेर कितीही असो, मूल त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवं. सुजेमुळे वजन चांगलं दिसतं म्हणून ही मुलं वजनाच्या यादीत सापडत नाहीत.

पुढे पाठवताना चिठ्ठीवर ‘कमी वजन’ एवढंच लिहू नका. तारीख, वय महिन्यांत, वजन, लांबी, दंडघेर, सूज आहे की नाही, गेल्या पंधरवड्यात ताप किंवा जुलाब, आणि मूल खातं का. भुकेची चाचणी दवाखान्यात होते, पण ‘चार दिवस तोंडात काही घेत नाही’ हे आईने सांगितलेलं चिठ्ठीवर असेल तर डॉक्टर रांगेतून पुढे घेतात.

निळी छत्री

सॅम आणि त्यात ताप, जुलाब, खोकला असं काही असलं किंवा मूल खातच नसलं की पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे एनआरसीत भरती. साधारण १४ दिवस. नेमका इथेच सगळा समन्वय कोसळतो, आणि दोष ‘आई ऐकत नाही’ म्हणून आईवर टाकला जातो.

आई का जात नाही ते पाहा. घरी दुसरी दोन मुलं आहेत. ती चार घरची धुणीभांडी करते, दोन आठवडे सुट्टी घेतली तर दोन तरी घरं सुटतात. नवऱ्याचा डबा कोण करणार, सासू काय म्हणेल. केंद्रात आईला जेवण मिळतं आणि बुडीत मजुरीही मिळते, पण ती बहुधा बँक खात्यात आणि नंतर. खातं बंद पडलेलं असेल किंवा आधार जोडलेलं नसेल तर मिळतच नाही.

यातलं एकही कारण आरोग्य खातं एकटं सोडवू शकत नाही. म्हणून एनआरसीला पाठवायचं ठरलं की त्याच दिवशी पाच जणांनी पाच गोष्टी वाटून घ्यायच्या. आशा भरतीच्या दिवशी बरोबर जाते. मोठ्या रुग्णालयात केसपेपरची खिडकी लवकर बंद होते, म्हणून घरून सकाळी साडेसातला निघायचं. सेविका तीन वर्षांवरच्या भावंडाला अंगणवाडीत बसवते आणि अंगणवाडी सुटल्यावर संस्थेचं पाळणाघर किंवा शेजारचं घर त्याला सांभाळतं. कोणतं घर, हे आईने ठरवायचं. बचत गटातली बाई आईच्या कामाच्या घरांत बदली बाई म्हणून जाते आणि पंधरवड्यानंतर काम परत सोडते. हे आधी मालकिणीशी बोलून ठरलं पाहिजे. संस्थेची कार्यकर्ती नवऱ्याशी आणि सासूशी बोलते, शक्यतो संध्याकाळी आणि शक्यतो एखादी अशी बाई बरोबर घेऊन जिचं मूल एनआरसीतून बरं होऊन आलं आहे. खातं चालू आहे का ते भरतीच्या आधी पाहायचं, नंतर नाही.

खर्च फार नाही. रिक्षाभाडं, आईसाठी टॉवेल-साबण, भावंडाचं दूध. महिला आरोग्य समितीला वर्षाला ५,००० रुपयांचा मुक्त निधी मिळतो. ५० ते १०० घरांमागे एक समिती असते, म्हणजे आपल्या धाग्यातल्या वस्तीत आठ-दहा समित्या व्हायला हव्यात. अनेक ठिकाणी त्या कागदावरच आहेत किंवा पैसे चटया आणि फलकांवर जातात. रिक्षाभाडं हा या पैशाचा सर्वांत चांगला उपयोग आहे, फक्त ठराव वहीत लिहून दोन सह्या घ्या.

घरी परत आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक. सुट्टीच्या कागदावरची पुढची तारीख त्याच संध्याकाळी सेविकेच्या वहीत उतरली नाही तर मूल तीन महिन्यांनी पुन्हा सॅममध्ये दिसतं.

तराजू

निळी छत्री यांनी लिहिलेल्यात एक भर. सगळ्या सॅम मुलांना भरती लागत नाही. खाणारं, इतर आजार नसलेलं मूल घरी राहून, रोज अंगणवाडीत जास्तीचा आहार घेऊन सुधारतं. तीव्र कुपोषित मुलासाठी अंगणवाडीच्या पूरक आहाराचा निकष इतर मुलांपेक्षा जास्त उष्मांक आणि जास्त प्रथिनं असा आहे. घरी नेलेलं पाकीट चार भावंडांत वाटलं जातं, आणि जाणारच. म्हणून दिवसातलं एक तरी खाणं अंगणवाडीत, डोळ्यांसमोर व्हावं. सरसकट सगळ्यांना रुग्णालयात पाठवलं की खाटा अडतात आणि खरोखर गरज असलेलं मूल परत येतं.

खडूफळा

शाळेकडून. अंगणवाडी ते पहिली हा टप्पा सगळ्यांत सोपा वाटतो आणि तिथेही दर वर्षी मुलं गळतात. कारण सेविकेच्या यादीतून मूल सहा वर्षांचं झालं की उतरतं, आणि शाळेच्या यादीत ते आपोआप चढत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक सेविकेने, येत्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी मुख्याध्यापकांना द्यावी. नाव, आईचा फोन, जन्मदाखला आहे का, आधार आहे का, काही व्यंग किंवा उशिरा बोलणं वगैरे. एप्रिलमधल्या शाळापूर्व तयारी मेळाव्याला ही यादी हातात घेऊन बसायचं आणि जे आलं नाही त्याच्या घरी आठवड्यात जायचं. जूनमधल्या दुसऱ्या मेळाव्यापर्यंत प्रत्येक नावापुढे शाळेचं नाव हवं. खाजगी शाळा असली तरी चालेल, पण नाव हवं. ‘गावी गेले’ हा शेरा स्वीकारायचा नाही. कोणतं गाव, कधी येणार, की नाहीच येणार, एवढं विचारून लिहायचं.

कागदांवरून प्रवेश अडवला जातो तेव्हा शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १४ दाखवा: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. रुग्णालयाची किंवा एएनएमच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीतली नोंद किंवा पालकांचं लेखी निवेदन चालतं. सेविकेने अंगणवाडीच्या नोंदीचा उतारा सहीनिशी दिला की बहुतेक ठिकाणी काम होतं. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाचा दाखला यायला उशीर होत असेल तर कलम ५ नुसार त्यासाठी प्रवेश थांबवता येत नाही. वय आठ-नऊ असेल तर त्याला पहिलीत नाही, वयानुरूप वर्गात बसवायचं आणि त्याची तयारी करून घ्यायची. हे विशेष प्रशिक्षण संस्थांनी संध्याकाळच्या अभ्यासवर्गात घेतलं तर शिक्षकांना फार मोठा आधार होतो.

आणि कृपा करून शाळेत परीक्षेच्या आठवड्यात तपासणी शिबिरं लावू नका. पथकाची तारीख आठ दिवस आधी कळली तर पालकांना बोलावता येतं. पालक हजर असताना सांगितलेली तक्रार आणि डायरीत लिहून पाठवलेली तक्रार यांत मूल पुढे उपचाराला जाण्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पांगारा

खडूफळा, पथकाने जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (डीईआयसी) पाठवलेल्या मुलांचं पुढे काय होतं? शाळेला काही कळतं का?

खडूफळा

क्वचित. पथकाच्या चिठ्ठीची शाळेत एक फोटोकॉपी ठेवायची आणि समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेच्या विशेष शिक्षकांना त्याच दिवशी कळवायचं. ऐकू न येणं, तिरळेपणा, चिकटलेली जीभ, हृदयाचा दोष अशा मुलांना एकेकटं पाठवण्यापेक्षा महिन्यातून एक दिवस ठरवून पाच-सहा मुलांना पालकांसह एकत्र न्यावं. एक कार्यकर्ती बरोबर, एक वाहन, सगळ्यांची कागदपत्रं एका फाइलमध्ये. मोठ्या रुग्णालयात कुठल्या इमारतीत कुठला विभाग हे माहीत असलेलं माणूस बरोबर असणं हाच अर्धा उपचार आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचं काम असेल तर ऑनलाइन अर्ज आधीच भरून घ्या, तिथे जाऊन भरू म्हटलं की दिवस वाया जातो.

कायदेपान

नावयादीचा उत्साह चांगला आहे, पण तिच्यात काय लिहायचं नाही तेही ठरवा. समन्वयाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, त्यात चाळीस माणसं असतात आणि कुणीतरी कुपोषित मुलाचा उघड्या अंगाचा फोटो नावासह टाकतं. हे ताबडतोब बंद व्हायला हवं. ग्रुपवर फक्त अंगणवाडी क्रमांक आणि घर क्रमांक, पुढची तारीख आणि जबाबदार व्यक्ती. आजाराचं नाव, आईवडिलांच्या भांडणाची, दारूची, एचआयव्हीची कुठलीही गोष्ट ग्रुपवर नाही, बैठकीतही नाही. ती ज्या दोन व्यक्तींना कामासाठी लागते त्यांनाच, प्रत्यक्ष बोलून. आणि आईला सांगूनच: ‘तुमच्या मुलाचं नाव आम्ही दवाखान्याच्या ताईंना आणि शाळेला सांगणार आहोत, चालेल ना?’ ती नाही म्हणाली तर नाही.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर ती बाब या समन्वय बैठकीत आणायचीच नाही. पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याची जबाबदारी आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आधी बैठकीत चर्चा करू’ यात आठवडा जातो, मुलावर दबाव येतो, पुरावा जातो. सेविकेने मुलाची उलटतपासणी करू नये. मूल जे आपणहून बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं.

हरवलेलं, सोडून दिलेलं, मारहाण होणारं, कामाला लावलेलं मूल दिसलं तर १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन करा. फोनची तारीख, वेळ आणि मिळालेला नोंद क्रमांक लिहून ठेवा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. संस्थेने ‘आमच्याकडे दोन दिवस ठेवतो’ म्हणणं बेकायदेशीर आहे, हेतू कितीही चांगला असो.

वॉर्ड पातळीवरची बाल संरक्षण समिती अनेक ठिकाणी झोपलेली असते. ती जागी करायची असेल तर या नावयादीच्याच बैठकीला लागून, पण वेगळ्या खोलीत आणि कमी माणसांत घ्या.

ताळेबंद

संस्थांच्या पैशांबद्दल बोलायला हवं. जानेवारी ते मार्च या काळात वस्तीत शिबिरांची रांग लागते, कारण सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा, निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायचा असतो. त्याच दोनशे मुलांचे दात तीनदा तपासले जातात आणि जूनमध्ये एका मुलाला चष्मा घ्यायला पाचशे रुपये नसतात. दोन संस्था एकाच मुलाला आपापल्या अहवालात मोजतात, म्हणून दोघींनाही यादी एकमेकींना दाखवायची नसते. यावर उपाय एकच: देणगीदाराला पाठवायच्या अहवालात ‘अमुक संस्थेबरोबर संयुक्तपणे’ असा रकाना आधीच, प्रस्तावातच घालून घ्यायचा. करार होताना तो मान्य होतो, वर्षअखेरीला मागितला तर होत नाही.

दुसरं, परवानग्या. अंगणवाडीत काही करायचं तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र, मनपा शाळेत शिक्षण विभागाचं, दवाखान्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांचं. तिन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच मजकुराचे, आणि प्रत्येकात इतर दोघांना प्रत. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. परवानगी एका शैक्षणिक वर्षाची मागा, जून ते मे. आर्थिक वर्षाची मागितली तर ऐन शाळाप्रवेशाच्या दिवसांत ती संपलेली असते.

चाफा

ताळेबंद यांना पूर्ण अनुमोदन. संस्थांना आणखी एक विनंती: सेविकेला तुमच्या कार्यक्रमाला गर्दी जमवायला सांगू नका. ती मानधनावर काम करते आणि तुमच्या शिबिरासाठी घरोघर फिरली की तिच्या गृहभेटी मागे पडतात. उलट तुमची कार्यकर्ती महिन्यातून दोन सकाळी अंगणवाडीत मुलांबरोबर बसली, गाणी-खेळ घेतले, तर सेविकेला कोऱ्या पट्ट्यातल्या घरी जायला दोन सकाळी मोकळ्या मिळतात.

वेळेचंही तसंच. वस्तीत पाणी अकराला येत असेल तर अकराची पालकसभा रिकामीच राहणार. कामाला जाणाऱ्या बाया दीड-दोनला परततात. नळाची वेळ, आठवडी बाजार आणि कारखान्याची सुट्टी या तीन गोष्टी नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि मगच तारखा ठरवा.

सिंदफणा

बीडकडून एक मुद्दा, शहरालाही लागू होणारा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं निघतात ती एप्रिलच्या पुढे परततात. तसंच वीटभट्टी आणि बांधकामाच्या लोकांचं. त्यातली बरीच शहरातल्या तुमच्या कोऱ्या पट्ट्यांत येऊन राहतात. निघणाऱ्या गावाने मुलाबरोबर शाळेचं शिक्षण हमी पत्रक (मूल कोणत्या वर्गात शिकतं याची शाळेने दिलेली नोंद) आणि लसींच्या नोंदींचं कार्ड दिलं, तर पोचलेल्या ठिकाणी मूल शाळेत आणि अंगणवाडीत लगेच बसू शकतं. स्थलांतरित लाभार्थ्यांसाठी राज्याची मायग्रेशन ट्रॅकिंग प्रणाली आहे, पण तिच्यातली नोंद पोचलेल्या ठिकाणच्या सेविकेने उघडून पाहायला हवी.

शहरातल्या मंडळींनी मुकादमाचा किंवा साइट सुपरवायझरचा फोन नंबर घेऊन ठेवावा. टोळी कधी आली, कधी उठणार, हे त्याला माहीत असतं. साइटवर जायची परवानगी एकदा बिल्डरच्या कार्यालयातून लेखी घ्या, दर वेळी फाटकावर वाद नको. आणि लोकांना सांगा की गावचं रेशन कार्ड असलं तरी धान्य इथल्या दुकानातून उचलता येतं, अंगठा जुळला म्हणजे झालं. अर्ध्या लोकांना हे माहीत नसतं आणि गावचा कोटा तसाच राहतो.

पांगारा

आतापर्यंतच्या चर्चेवरून बैठकीचा आराखडा मांडतो. महिन्यातून एकदा, दीड तास, अंगणवाडीत किंवा दवाखान्यात आळीपाळीने. सेविका, आशा, एएनएम, शाळेतला एक शिक्षक, प्रत्येक संस्थेची एक कार्यकर्ती. बारा ते पंधरा नावं, प्रत्येकाला पाच-सहा मिनिटं. आधी गेल्या महिन्याची नावं: चिठ्ठी परत आली का, नाही तर का. मग नवी. प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी लिहायच्या: पुढचं पाऊल, कुणी, कोणत्या तारखेपर्यंत. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ असं लिहायचं नाही. जबाबदारी पदाच्या नावावर टाकायची, कारण बदली झाली की व्यक्तीबरोबर जबाबदारीही निघून जाते.

चिठ्ठीचा नमुना: एका पानाचे तीन भाग. डावा सेविकेच्या पुस्तकात राहतो, मधला दवाखान्यात, उजवा परत येतो. परतीच्या भागावर डॉक्टरांना लिहायला फक्त चार खुणा: तपासलं, भरती केलं, औषध दिलं, पुढे पाठवलं. खाली पुढची तारीख आणि अंगणवाडीने काय करायचं याची एक ओळ.

काटेसावर

आराखडा ठीक. पण ओपीडीत दोनशे रुग्ण असताना डॉक्टर या खुणा करतील का? आणि बैठकीचं अध्यक्षपद कुणाकडे? त्यावरून दोन खात्यांत महिनाभर पत्रापत्री चालते.

चाफा

डॉक्टरांवर सोडू नका. औषध देणाऱ्या खिडकीवर किंवा लसीकरणाच्या सिस्टरकडे चिठ्ठ्यांचा एक डबा ठेवायचा. आई औषध घेताना परतीचा भाग तिथे भरला जातो, आणि एएनएम लसीकरण सत्राला वस्तीत येते तेव्हा आठवड्याच्या चिठ्ठ्या बरोबर आणते. आईच्या हाती परत पाठवलेल्या चिठ्ठ्या बऱ्याचदा पिशवीतच राहतात.

अध्यक्ष नको, लिहिणारी हवी. ज्यांच्या जागेत बैठक त्यांनी चहा आणि वेळ पाळायची, वही मात्र वर्षभर एकाच संस्थेच्या कार्यकर्तीकडे, आणि तिच्या पानांचे फोटो दुसऱ्या दिवशी प्रकल्प अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी दोघांना. फोटोत घर क्रमांकच असतील, नावं नाहीत. दोन्ही कार्यालयांना आधी एकच पत्र गेलेलं असलं की ‘कुणाच्या अधिकारात’ हा प्रश्न फारसा येत नाही. सुरुवात करायची असेल तर एका अंगणवाडीच्या हद्दीपासून करा. नकाशा मे महिन्यात, पहिली बैठक जूनमध्ये शाळा उघडायच्या आत.